यादीत नाव लागेपर्यंत

बी.एस्सी. नर्सिंग होऊन वर्षभर वॉर्डात राबलेल्या केडगावच्या मुलीने एम.एस्सी. नर्सिंगसाठी प्रवेश परीक्षा द्यावी का? दिलीच, तर निकाल आणि यादी लागेपर्यंतचे महिने कोणत्या भरवशावर काढावेत? प्रश्न वरवर एका घरापुरता वाटतो. पण दौंड तालुक्यातल्या अनेक घरांत तो आज विचारला जातो आहे आणि त्याच्या उत्तरावर उद्याच्या वॉर्डात कोण उभे असेल हे ठरणार आहे. पुढच्या संवादातल्या दोघी लेखकाने उभ्या केल्या आहेत. एक निवृत्त परिसेविका, दुसरी नर्सिंग महाविद्यालयातली प्राध्यापिका. पहिलीला या धडपडीबद्दल शंका आहे, दुसरीचा तिच्यासाठी आग्रह आहे.

परिसेविका : मॅडम, एम.एस्सी.च्या मागे लागलेल्या मुली पाहिल्या की माझं लक्ष आधी त्यांच्या जाणाऱ्या वर्षाकडे जातं. चार वर्षांचं बी.एस्सी. झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, एक वर्ष वॉर्डात काढलं. हात आता कुठे बसायला लागलेला असतो. कोणता पेशंट शांत झोपलाय आणि कोणता हळूहळू खचत चाललाय, हे मॉनिटरच्या आधी तिला कळायला लागलेलं असतं. आणि नेमकी तेव्हाच ती राजीनामा देऊन अभ्यासाला बसते. मग अर्ज, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी. मध्येच वेळापत्रक बदलल्याची सूचना येते. नवी नोकरी धरवत नाही, कारण उद्या नाव लागलं तर सोडावी लागेल. घरचे स्थळं बघायला लागलेले असतात, त्यांना काय सांगायचं हेही यादीवरच. दोन वर्षांनी ती शिकून परत पेशंटजवळ येणार असती, तर मी एक शब्द बोलले नसते. पण ती येत नाही. ती वर्गात जाते.

प्राध्यापिका : वर्गात जाणं हा दोष कधीपासून झाला, सिस्टर? तुमचा हात बसला तो कोणीतरी बसवला म्हणून. तुमच्या वेळच्या ट्यूटर कुठून आल्या, याचा विचार करा. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा अख्ख्या देशात प्रशिक्षित परिचारिका सुमारे सात हजार होत्या. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षण भारतात सुरू व्हायला १९५९ उजाडलं, तेही दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात. त्याआधी वरचं शिक्षण घ्यायचं तर परदेश गाठावा लागे. आज केडगावची मुलगी पुण्यात राहून ते घेऊ शकते. याला मी वाया गेलेलं वर्ष म्हणणार नाही.

आणि गरज किती आहे ते पाहा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने १५७ नवी सरकारी नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली. वर्षाला १५,७०० पदवीधर त्यांतून अपेक्षित आहेत. त्यांना शिकवणार कोण? नियमाप्रमाणे पदवीच्या साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो आणि एम.एस्सी.च्या पाचांमागे एक. एम.एस्सी.च्या जागा कमी का, याचं अर्धं उत्तर यातच आहे. मार्गदर्शक नाहीत म्हणून जागा नाहीत, जागा नाहीत म्हणून मार्गदर्शक तयार होत नाहीत. या चक्रातून बाहेर पडायचं तर कोणाला तरी वॉर्ड सोडून वर्गात यावंच लागेल.

परिसेविका : कोणाला तरी यावं लागेल, मान्य. पण ती कोण, हे कसं निवडता? भारतीय परिचर्या परिषदेचा नियम मी वाचलाय. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला ५५ टक्के, परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी, एक वर्षाचा अनुभव, आणि मग निवड प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. म्हणजे अनुभव हा फक्त उंबरठा आहे. एक वर्षवाली आणि आठ वर्षंवाली, दोघी उंबरठ्याच्या आत आल्या की सारख्याच. उलट आठ वर्षंवालीचं पाठांतर सुटलेलं असतं. रात्रपाळीला चाळीस खाटा सांभाळून सकाळी पुस्तक उघडणारी मागे पडते, आणि जिने अनुभव जेमतेम कागदापुरता घेतला, उरलेला वेळ क्लासला दिला, ती पुढे जाते. तुमची यादी चोख असेल, पण ती वॉर्डातलं काहीच मोजत नाही.

अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचं शिक्षण घ्या. तिथेही जागा थोड्या आणि अर्ज फार, वाट बघणं तिथेही जीवघेणं. पण अर्ज करायलाच किमान एक वर्ष अतिदक्षता विभागात पूर्णवेळ काम लागतं, आणि निवड झालेल्या बहुतेकींकडे त्याहून जास्त असतं. वरिष्ठांची पत्रं लागतात. समोर बसवून विचारतात की रक्तदाब कोसळत असताना तू काय केलंस. आपल्याकडे हे कोण विचारतं?

प्राध्यापिका : विचारू नये, असंच माझं मत आहे. तुम्हाला धक्का बसेल, पण ऐका. मुलाखत आली की काय काय आत येतं? इंग्रजी बोलण्याची ढब, कपडे, कोणत्या नामांकित रुग्णालयातून आलीस, शिफारसपत्रावर सही कोणाची. पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात काम केलेल्या मुलीचं पत्र आणि यवतच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात काम केलेल्या मुलीचं पत्र, टेबलावर शेजारी ठेवल्यावर कोणतं जड भरेल? परीक्षेला तुमचं गाव दिसत नाही, बाप ऊसतोडीला जातो की कारखान्याचा संचालक आहे हे दिसत नाही. संगणकासमोर बसलं की केडगाव आणि कोथरूड एका रांगेत. ज्या मुलीची कुठेच ओळख नाही तिच्यासाठी आंधळी यादी ही सगळ्यात दयाळू गोष्ट आहे.

हा मुद्दा परिसेविकेला सहज खोडता आला नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर तो खोडण्यासारखा नाही. महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून होऊ लागले ते संस्थाचालकांच्या मर्जीतून सुटका व्हावी म्हणूनच. पण तिने बाजू बदलून जुने उदाहरण काढले.

परिसेविका : मग आनंदीबाई जोशींचं काय करायचं? १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांच्याकडे शाळेची रीतसर प्रमाणपत्रं नव्हती. होतं ते एक पत्र. आपण का आलो, आपल्या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टरची गरज का आहे, कोणाकोणाचा विरोध पत्करून आलो, हे त्यात लिहिलेलं. महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी ते वाचलं आणि प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आपल्या आजच्या पद्धतीत पात्रतेच्या पहिल्याच रकान्यात त्यांचा अर्ज बाद झाला असता. माणूस ओळखायला कधीकधी माणूसच लागतो, मॅडम.

प्राध्यापिका : आणि त्याच काळात माणसांनीच पंडिता रमाबाईंना नाकारलं. तुमच्या केडगावच्याच त्या. १८८२ ला शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे पुण्यात त्यांनी साक्ष दिली, हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात, मुलींना वैद्यकीय शिक्षण खुलं करा, असं ठणकावून सांगितलं. दुसऱ्याच वर्षी स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंड गाठलं. तिथे त्यांचं कमी ऐकू येणं आड आलं आणि वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद झालं. आनंदीबाईंना पदवी मिळताना बघायला रमाबाई समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. एकीला दार उघडणारी माणसं भेटली, दुसरीला नाही भेटली. अशा लहरीवर किती मुलींचं आयुष्य टांगायचं?

परिसेविका : पण रमाबाई तिथे थांबल्या का? नकार मिळाला म्हणून अन्नपाणी सोडलं नाही त्यांनी. चेल्टनहॅमला संस्कृत शिकवलं, अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, पुस्तक लिहून पैसा उभा केला, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर बायका-मुली राहत होत्या. शेती, विणकाम, छापखाना, आजाऱ्यांची सेवा, सगळं त्याच करत होत्या. यातलं एक काम तरी डॉक्टरकीच्या पदवीवर अडलं का? आमच्या गावच्या मुली शाळेत असल्यापासून मुक्ती मिशनची भिंत बघत मोठ्या होतात. त्यांना मी हेच सांगते की यादीत नाव नाही लागलं तर जग बुडत नाही.

प्राध्यापिका : हे सांत्वन म्हणून ठीक आहे. धोरण म्हणून मला ते घातक वाटतं. नाकारल्या गेलेल्या एका असामान्य बाईने मोठं काम केलं, म्हणून नाकारणं बरोबर ठरत नाही. रमाबाईंनी स्वतः तरी असं कुठे मानलं? एक दार बंद झाल्यावर त्यांनी दुसरं शिक्षण घेतलं, शिक्षण सोडलं नाही. त्यांनी मुलगी मनोरमालाही शिकवलं, पदवीपर्यंत नेलं. आणि पुण्यातच पुढे काय घडलं पाहा. १९०९ ला सेवासदन निघालं. रमाबाई रानड्यांनी विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा पांढरपेशा पुण्याने नाकं मुरडली. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणं हे घरंदाज बाईचं काम समजत नव्हते लोक. हळूहळू ती नजर बदलली. भाषणं ऐकून बदलली नाही, बायका परीक्षा पास झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली, पगार सुरू झाले, तेव्हा बदलली. आपल्या पेशाला जी काही प्रतिष्ठा आहे ती अशी एकेक पायरी शिकून मिळालेली आहे. एम.एस्सी. ही त्यातलीच पुढची पायरी.

परिसेविका : प्रतिष्ठेचं बोललात, आता पगाराचं बोलू. तीच बी.एस्सी. झालेली मुलगी एम्सची नॉरसेट परीक्षा देऊ शकते. पास झाली तर नर्सिंग ऑफिसर, सातव्या वेतन आयोगाचा सातवा स्तर, मूळ पगारच ४४,९००. वर भत्ते. नागपूरलाही एम्स आहे. दुसरीकडे तुमची एम.एस्सी. होऊन खासगी महाविद्यालयात ट्यूटर म्हणून लागलेली मुलगी. तिला याच्या निम्मा तरी पगार हातात येतो का, ते तुम्हीच सांगा. खासगी रुग्णालयांचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, शंभराच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असल्या तरी किमान वीस हजार. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. केडगाव-चौफुल्याच्या आसपास, दौंडमध्ये, हडपसरला लहान रुग्णालयांत काम करणाऱ्या मुलींना जाऊन विचारा, वीस हजार कितीजणींच्या खात्यात पडतात. अशा मुलीने वर्ष बसून काढायचं, मग दोन वर्षं पुण्यात राहायचं. तिच्या घरी ऊस कारखान्याला गेल्यावर पैसे येतात, दर महिन्याला येत नाहीत.

प्राध्यापिका : खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण चित्र थोडं बदललंय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. माझ्या वर्गात आज अशा मुली दिसतात, ज्या पूर्वी बारावीनंतरच थांबल्या असत्या.

परिसेविका : आणि त्या माफीची अट काय आहे? प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही. म्हणजे दोन गुणांनी यादी हुकली, मग संस्थेच्या फेरीत तेच महाविद्यालय, तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम मिळाला, तरी एकीला फी शून्य आणि दुसरीला पूर्ण. वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रबंधाची छपाई, हे दोघींनाही आहेच. म्हणून तर त्या यादीकडे इतकं डोळ्यांत तेल घालून बघत बसतात. मुलगी तिथे नुसती जागा बघत नसते. बापाने सावकाराकडे जायचं की नाही, हे ती बघत असते.

या ठिकाणी प्राध्यापिकेने प्रतिवाद केला नाही. ज्यांना यादीची वाट बघणे म्हणजे तरुण मुलींची उगाच घालमेल वाटते, त्यांनी परिसेविकेचे हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

प्राध्यापिका : पैशापलीकडचं एक विचारते. पेशंटला काय मिळतं? २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं, चार लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. रुग्णालयातल्या पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं तर रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. शिक्षण ही भिंतीवर टांगायची वस्तू नाही, सिस्टर. त्याने माणसं वाचतात.

परिसेविका : त्याच अभ्यासाचं दुसरं वाक्य मी सांगते. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. दोन्ही आकडे एकाच पानावर आहेत. तुम्ही एक घेता, मी दुसरा घेते. आपल्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक असा आहे. रात्री दोन वाजता कोणत्याही सरकारी वॉर्डात जाऊन मोजा. आणि तो अभ्यास पदवीबद्दल बोलतो, पदव्युत्तरबद्दल नाही. पदवीधर मुलगी पेशंटजवळ उभी होती म्हणून जीव वाचला. तुमची एम.एस्सी. झालेली मुलगी पेशंटजवळ उभीच नाही, तर तिच्या शिक्षणाने जीव कसा वाचणार?

परिचारिका अरुणा शानबाग यांची आठवण ठेवा. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली जवळपास बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर बेडसोर नव्हता. हे कोणत्या प्रवेश परीक्षेत मोजाल?

प्राध्यापिका : नाही मोजता येणार. पण ते घडलं कसं ते बघा. बेचाळीस वर्षांत त्या वॉर्डातल्या परिचारिका किती वेळा बदलल्या असतील. नव्या आल्या, जुन्या निवृत्त झाल्या, काही तर अरुणाताईंवरच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या. तरी कुशीवर वळवण्याची वेळ चुकली नाही. एका बाईच्या मायेवर हे चालत नाही. ते शिकवलं गेलं, लिहून ठेवलं गेलं, पाळीमागून पाळीला हँडओव्हरमध्ये दिलं गेलं. तुम्ही ज्याला हात म्हणता तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेण्याचं काम म्हणजेच नर्सिंगचं शिक्षण. ते करणारी बाई पेशंटपासून लांब असते असं मी मानत नाही.

परिसेविका : हे पटलं. पण मग शिकवणारी वॉर्डात येऊन शिकवू दे. माझ्या शेवटच्या काही वर्षांत विद्यार्थिनी वॉर्डात यायच्या आणि त्यांच्या मॅडम सही करून निघून जायच्या. दोष त्यांचाही नाही, त्यांना वर्ग, परीक्षा, तपासणीची कागदपत्रं यांतच गुंतवलेलं. वॉर्ड आणि कॉलेज ही दोन वेगळी घरं झालीत. पूर्वी एम.एस्सी. नव्हतं तेव्हा ट्यूटर आणि परिसेविका एकाच वॉर्डात उभ्या असायच्या. शिक्षण वाढलं तशी ही फट वाढली. मुलगी अर्ज करते तेव्हा खरं म्हणजे या दोन घरांपैकी एक सोडायचा अर्ज करत असते, आणि हे तिला कोणी सांगत नाही.

प्राध्यापिका : आता आपण मूळ जागी आलो. ही फट बुजवणारे अभ्यासक्रम निघालेत. परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. निवासी डॉक्टरसारखाच आहे तो, बहुतेक वेळ आयसीयूत. २०१८ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतीसाठीच्या नर्स प्रॅक्टिशनरची वाट आखली. एम्स दिल्लीत तर हृदयरोग, कर्करोग, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार अशा शाखांत एम.एस्सी. नर्सिंग आहे. ती मुलगी शिकून पेशंटकडेच यावी म्हणून हे आखलंय. केडगावसारख्या ठिकाणी प्रसूतीतली अशी तज्ज्ञ परिचारिका असती, तर अडलेल्या प्रत्येक बाळंतिणीला रात्री हायवेने पुण्याला पळवावं लागलं नसतं.

परिसेविका : असती, तर! आराखड्यात आहे, पदांच्या मंजुरीत कुठे आहे? उद्या केडगावची मुलगी हा अभ्यासक्रम करून आली आणि तालुक्याच्या रुग्णालयात रुजू झाली, तर तिला तिथे कोणत्या नावाने घेणार? अधिपरिचारिका. पगार अधिपरिचारिकेचा. औषध सुरू करायचा अधिकार कोणता? तोच, जो सगळ्यांना. तिचं दोन वर्षांचं ज्ञान वापरायला ती डॉक्टरच्या सहीची वाट बघत उभी राहणार. यादीची वाट बघून झाली की मग सहीची वाट. अशी मुलगी वर्षभरात जर्मन शिकायला लागली तर तिला दोष देऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिका आहेतच.

प्राध्यापिका : मी दोष देत नाही. पण तुमचं म्हणणं मान्य केलं तर निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. पद नाही म्हणून शिकू नका, हा तो निष्कर्ष नव्हे. शिकलेल्या बायका संख्येने उभ्या राहिल्याशिवाय पदं कधी मंजूर झालीत? १९४७ चा परिचर्या परिषद कायदा बाजूला ठेवून २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. तो प्रत्यक्षात कसा उतरतो, अधिकार किती मिळतात, यासाठी भांडायला नियम वाचता येणाऱ्या, संशोधन करता येणाऱ्या परिचारिका लागतील. ते काम कोण करेल? जी यंदा अर्ज भरतेय तीच.

परिसेविका : म्हणजे तिने स्वतःच्या आयुष्याची तीन वर्षं पुढच्या पिढीच्या पदांसाठी घालायची. तिला हे सांगून मग अर्ज भरायला लावा. मोठी माणसं ध्येयाच्या गोष्टी सांगतात आणि हप्ता पोरीच्या घरचे भरतात, हे मी फार पाहिलंय.

प्राध्यापिका : सांगते. दरवर्षी सांगते. तरी त्या अर्ज भरतात. मला वाटतं त्यांना आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं की वॉर्डात वीस वर्षं एकाच पायरीवर उभं राहणं म्हणजे काय.

परिसेविका थोडी थांबली. अधिपरिचारिकेची परिसेविका व्हायला किती काळ जातो हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार. लेखकाच्या मते सगळ्या वादातला सर्वांत बळकट मुद्दा हाच होता, आणि तो आकडेवारीच्या मदतीशिवाय आला.

परिसेविका : ते नाकारत नाही. म्हणून माझं एवढंच म्हणणं राहतं. अर्ज करायचा तर करा, पण वॉर्ड न सोडता करा. जागा हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. अनुभवाचं प्रमाणपत्र काम चालू असतानाच मागून घ्या, सोडल्यावर ते मिळवायला खेटे घालावे लागतात. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, ही कागदपत्रं परीक्षेच्या आधी तयार हवीत. गुण असून कागद नाही म्हणून जागा गेलेल्या मुली मी पाहिल्यात. नॉरसेटचा अर्जही सोबत भरा, अभ्यास बराचसा तोच आहे. आणि शाखा निवडताना कोणती सोपी, कोणती लवकर मिळते हे बघू नका. ज्या वॉर्डात परत जायला आवडेल ती घ्या.

प्राध्यापिका : शेवटच्या सूचनेला माझी सही. पहिलीला नाही. पाळ्या करून अभ्यास होत नाही, तुम्हीच मघाशी म्हणालात. ज्या घराला चार-सहा महिने झेपतात, त्या घराने ते मुलीला द्यावेत. मुलाला स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत खोली घेऊन तीन-तीन वर्षं देतात. मुलीला सहा महिने द्यायची वेळ आली की सगळ्यांना नोकरी आठवते.

परिसेविका : झेपत नसेल त्या घराने काय करायचं, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

प्राध्यापिका : नाही सांगितलं. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. ते शासनाकडे मागायला हवं.

यावर दोघींचे एकमत झाले नाही, होण्यासारखेही नव्हते. राजीनामा द्यावा की पाळ्या सांभाळून परीक्षा द्यावी, हे प्रत्येक घर आपापल्या परिस्थितीने ठरवील. मात्र तीन मागण्यांवर दोघी एकत्र आल्या आणि त्या संबंधित विभागांनी मनावर घ्याव्यात. सेवेत असताना प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या परिचारिकेला अभ्यासासाठी पगारी रजा मिळावी, तिच्या एका वर्षापुढच्या प्रत्येक वर्षाच्या अनुभवाला गुणवत्ता यादीत वजन असावे, आणि प्रवेश पुस्तिकेत दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयापुढे जशा एम.एस्सी.च्या जागा छापतात, तशीच त्या त्या शाखेसाठी राज्यातल्या रुग्णालयांत, दौंड आणि यवतसह, मंजूर असलेली पदेही छापावीत.